काळीचे पीक, पांढरीची साक्ष
प्राचीन आहाराचा सूक्ष्म पुरावा

महाराष्ट्रातील खेड्यांच्या जुन्या व्यवहारात गावच्या भूमीचे दोन भाग मानले जात. पीक देणारी ती काळी आणि घरे वसलेली ती पांढरी. पांढरीला हे नाव तिच्या मातीच्या रंगावरून पडले. चुलीतील राख, गोठ्यातील शेण, पडक्या भिंतींची माती आणि घरोघरचा केरकचरा पिढ्यानपिढ्या एकाच ठिकाणी साचत गेला म्हणजे तेथील माती भुरकट, मऊ आणि राखट होते. एक घर पडते, त्याच जागी दुसरे उभे राहते आणि शतकांच्या ओघात वस्तीची जागा भोवतालच्या शिवारापेक्षा उंच होत जाते. गाव उठून गेले, तरी हे टेकाड मागे राहते. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड, तापी या नद्यांच्या काठांनी अशी पांढरीची टेकाडे जागोजाग आढळतात.

काळीने जे पिकवले ते पांढरीवर कांडले, दळले, शिजवले आणि खाल्ले गेले. त्यातील अल्पसा अंश पांढरीच्या मातीत मिसळला, खापराच्या तळाला चिकटला, पाट्याच्या खाचांत रुतला आणि माणसाच्या दातांवरील कीटणात अडकून राहिला. हा अंश डोळ्यांना दिसत नाही. तथापि सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो, ओळखता येतो आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या ताटात काय होते, हे सांगू शकतो. पुरातत्त्वशास्त्राच्या या तुलनेने नव्या शाखेचा परिचय करून देणे आणि तिचा आपल्या गावाशी येणारा संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इनामगावची धान्ये

प्राचीन आहाराच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेज या संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांचे नाव या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांच्या काळात नांदलेली शेतकऱ्यांची एक वसाहत या उत्खननाने उजेडात आली. हे लोक तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरीत. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याची कोठारे, चुली, रांजण, तसेच पुराचे पाणी वळविण्यासाठी घातलेला बांध व त्यालगतचा पाट येथे आढळला.

इनामगावच्या मातीतून निघालेल्या धान्यांचा अभ्यास डॉ. मुकुंद काजळे यांनी केला. जव म्हणजे सातू हे तेथील प्रमुख धान्य होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा यांसारखी धान्ये व कडधान्ये आणि बोरासारखी रानफळे होती. या पुराव्यावरून केवळ जेवणाचा प्रकार समजला, असे नाही. जव आणि गहू ही रब्बीची पिके आहेत आणि अवर्षणप्रवण प्रदेशात गव्हाला पाण्याची जोड लागते. म्हणून बांध, पाट आणि कोठार यांचा परस्परसंबंध धान्याच्या दाण्यांमुळे अधिक स्पष्ट झाला.

वसाहतीच्या अखेरच्या काळातील चित्र निराळे आहे. इ. स. पूर्व १००० नंतर मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेतीचे उत्पन्न घटल्याच्या खुणा दिसतात आणि शिकारीवरील अवलंबन वाढते. हवामान अधिक कोरडे झाल्याने हे घडले असावे, असे अनुमान डॉ. ढवळीकर यांनी मांडले. अवर्षणाने गावाच्या ताटात कसा पालट होतो, याचा हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा दाखला आहे.

विस्तवाने राखलेला पुरावा

इनामगावी सापडलेले दाणे टिकले, याचे कारण ते करपले होते. दाणा मातीत पडला तर तो कुजतो किंवा किडे-मुंग्या त्याचा फडशा पाडतात. परंतु चुलीशेजारी सांडून किंवा घर जळताना तो करपून कोळसा झाला, तर त्याचा आकार शाबूत राहतो आणि तो हजारो वर्षे टिकतो. असे दाणे वेगळे करण्याची रीत सोपी आहे. माती पाण्यात कालवली की कोळसा झालेले दाणे हलके असल्याने वर तरंगतात. ते बारीक जाळीवर गोळा करून सावलीत वाळवतात. दाण्याचा आकार, नाभीची जागा आणि पृष्ठभागावरील रेषा पाहून धान्याची जात ठरविली जाते.

या पुराव्याची मर्यादाही त्याच्या टिकण्याच्या कारणातच आहे. जे विस्तवाजवळ आले नाही ते टिकले नाही. पालेभाज्या, कंद, पिकलेली फळे आणि वाटून भाजीत घातलेला मसाला यांचा माग करपलेल्या दाण्यांत क्वचितच लागतो. केवळ दाण्यांवरून जेवणाचा हिशेब मांडणे म्हणजे कणगी पाहून स्वयंपाकाचा अंदाज करण्यासारखे आहे. भाकरी कशाची होती हे कळेल, पण कालवण कशाचे होते हे कळणार नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी संशोधकांनी दाण्याहून लहान अवशेषांकडे लक्ष वळविले. त्यांत तीन प्रकार महत्त्वाचे आहेत : वनस्पतीच्या पेशींत साचलेले सिलिकेचे कण, पिष्टकण आणि परागकण.

वनस्पतीच्या देहातील वाळू

उसाचे पाचट काढताना किंवा भाताची कापणी करताना पातीच्या कडेने हात कापतो, हा शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. भाताच्या तुसाची राख दात घासण्यासाठी आणि भांडी घासण्यासाठी पूर्वापार वापरली जाते. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी सिलिका हे द्रव्य आहे. नदीची वाळू आणि गारगोटी ज्या द्रव्याची बनली आहे, तेच हे द्रव्य. मुळे जमिनीतून पाणी शोषतात तेव्हा त्यात विरघळलेली सिलिकाही झाडात येते. पाणी पानांवाटे उडून जाते आणि सिलिका पेशींमध्ये घट्ट होऊन बसते. जणू पेशीच्या साच्यात काचेचा रस ओतावा, तसा त्या पेशीचा हुबेहूब आकार तयार होतो. या कणांना शास्त्रीय भाषेत फायटोलिथ म्हणतात. वनस्पतीत घडलेला दगड, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

हे कण अतिशय लहान असतात. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. बहुतेक फायटोलिथ पाच ते शंभर मायक्रॉनांच्या दरम्यान भरतात. झाड कुजले, जनावराने खाल्ले किंवा चुलीत जळाले, तरी हे कण सामान्यतः नाश पावत नाहीत. म्हणून जेथे करपलेला एकही दाणा सापडत नाही, तेथेही फायटोलिथ सापडू शकतात.

प्रत्येक वनस्पतीत ते सारख्या आकाराचे नसतात, हा त्यांचा सर्वांत मोठा उपयोग आहे. भाताच्या पानात पंख्याच्या आकाराचे, तर त्याच्या तुसात दोन शिंगे उभी असावीत तशा आकाराचे कण आढळतात. गहू व जव यांच्या तुसातील कणांना फांद्यांसारखे कंगोरे असतात. राळा, वरी यांच्या कुळातील गवतांत डमरूच्या आकाराचे कण विपुल असतात. पानातील कण आणि तुसातील कण निरनिराळे असल्याने एकाच जागी धान्य साठविले होते, सडले होते की केवळ वैरण रचली होती, हेही पुष्कळदा सांगता येते. अंगणातील मातीत तुसाचे कण अधिक असतील तर तेथे कांडण होत असावे, पानांचे व देठांचे कण अधिक असतील तर तेथे गुरे बांधली जात असावीत, अशी अनुमाने काढली जातात.

सर्वच वनस्पती सिलिका साठवीत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. गवताच्या कुळात ती भरपूर असते. कडधान्ये आणि बहुतेक कंद यांत ती अल्प असते. त्यांच्या शोधासाठी दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो.

पिष्टकणांची ओळख

वनस्पती आपले अन्न दाण्यांत, डाळींत, कंदांत आणि मुळांत पिठाच्या रूपाने साठवितात. हे पीठ सूक्ष्म कणांचे बनलेले असते. बटाट्याचे पिष्टकण मोठे व अंडाकृती असतात. तांदळाचे कण अगदी लहान आणि कोनयुक्त असतात. गहू व जव यांत मोठे भिंगासारखे आणि लहान गोल असे दोन आकारांचे कण एकत्र आढळतात. हळद व आले यांचे कण चपटे, लांबट आणि एका टोकाला निमुळते असतात. विशिष्ट प्रकारच्या प्रकाशात पाहिले असता अखंड पिष्टकणावर काळी फुली उमटलेली दिसते आणि त्या फुलीवरून पिष्टकण इतर धुळीतून निवडता येतो.

कण ओळखण्याच्या पलीकडेही पिष्टकणांचे एक वैशिष्ट्य आहे. पाण्यात शिजविले असता ते फुगतात व फुटतात, भाजले असता त्यांना तडे जातात आणि दळले असता त्यांच्या कडा मोडतात. यामुळे कोणते अन्न होते, एवढेच नव्हे तर ते शिजवून खाल्ले की कच्चे, याचाही अंदाज बांधता येतो.

कोणत्याही विद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बटाट्याचा कीस, भिजविलेला तांदूळ आणि ओले हळकुंड यांचा थेंब-थेंब रस काचपट्टीवर घेऊन पाहिला, तर हा फरक विद्यार्थ्यांना स्वतः पडताळून पाहता येईल. पुरातत्त्वज्ञ जे करतात त्याचा हा पहिलाच पाठ आहे. कारण जुना कण ओळखावयाचा तर आजच्या वनस्पतींच्या कणांचा संग्रह आधी सिद्ध असावा लागतो.

पिष्टकण एरवी नाजूक असतात आणि उघड्या मातीत लवकर नष्ट होतात. परंतु पाट्याच्या बारीक छिद्रांत, स्वयंपाकाच्या भांड्याच्या आतील खरपुडीत आणि दातांवरील कीटणात त्यांना आसरा मिळतो. कीटण हे लाळेतील क्षारांपासून बनते आणि तोंडातील अन्नाचे कण त्यात गाडले जातात. मनुष्य मरण पावला तरी ते दाताला घट्ट चिकटून राहते. ज्या माणसाचा दात त्याच्याच मुखातील अन्न त्यात असल्याने हा पुरावा विशेष थेट मानला जातो.

परागकणांचे कवचही अतिशय चिवट असते आणि ते तळ्याच्या गाळात हजारो वर्षे राहते. तथापि पराग वाऱ्याबरोबर दूरवर जातात. म्हणून त्यांच्यापासून खाल्लेल्या अन्नापेक्षा भोवतालचे रान, गवताळ माळ आणि हवामान यांची माहिती अधिक मिळते. तिन्ही साक्षी एकत्र ठेवल्या म्हणजे शेत, स्वयंपाकघर आणि शिवार असे तिहेरी चित्र उभे राहते.

फर्माणा येथील हळद आणि आले

या पद्धतीचे सामर्थ्य दाखविणारे एक भारतीय उदाहरण हरियाणातील आहे. रोहतक जिल्ह्यातील फर्माणा येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील वसाहत आणि दफनभूमी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे उत्खनन झाले. तेथील स्वयंपाकाची भांडी आणि मानवी दात यांवरील पिष्टकणांचा अभ्यास अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर या संशोधकांनी केला व त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना हळद आणि आले यांचे कण आढळले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतात हे दोन पदार्थ स्वयंपाकात होते, याचा प्रत्यक्ष पुरावा त्यामुळे हाती आला.

हळकुंड किंवा आल्याचा तुकडा करपून शाबूत राहण्याची शक्यता फार थोडी. त्यामुळे करपलेल्या अवशेषांच्या अभ्यासातून हे पदार्थ निसटले असते. ज्या दोन पदार्थांवाचून आजही भारतातील असंख्य घरांचा स्वयंपाक पुरा होत नाही, त्यांची प्राचीनता सिद्ध करण्यास सूक्ष्मदर्शकातून दिसणारे कणच उपयोगी पडले. ही भांडी उत्खननानंतर घासूनपुसून स्वच्छ केली गेली असती, तर हा पुरावा पाण्याबरोबर वाहून गेला असता.

गुजरातेतही असे कार्य झाले आहे. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि स्पेनमधील संशोधक यांच्या सहकार्याने उत्तर गुजरातेतील लोटेश्वर, दात्राणा या स्थळांचा अभ्यास झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वरी, राळा यांच्या कुळातील बारीक तृणधान्यांचा वापर फायटोलिथ व पिष्टकण यांच्या आधारे दाखविण्यात आला. बारीक दाण्यांच्या धान्यांचे अवशेष पुष्कळदा नजरेतून निसटतात. संयुक्त राष्ट्र संघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. कमी पावसावर येणाऱ्या या धान्यांचा आपल्या भूमीशी किती जुना संबंध आहे, हे अशा संशोधनातूनच कळणार आहे.

इतर देशांतील दाखले

इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचा एक सपाट दगड सापडला. त्यावर रानटी जवाचे पिष्टकण चिकटलेले होते. याचा अर्थ असा की, शेतीचा आरंभ होण्यापूर्वी कितीतरी हजार वर्षे माणूस रानातील धान्य गोळा करून वाटीत होता. पाटा नांगराहून जुना ठरला.

इराकमधील शानिदार गुहेत सापडलेल्या निअँडरथल मानवांच्या दातांवरील कीटणाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या मानवांच्या दातांत खजूर, शेंगवर्गीय वनस्पती आणि जवाच्या कुळातील गवताचे कण मिळाले. त्यांतील काही शिजविल्याच्या खुणाही होत्या. निअँडरथल मानव केवळ मांसावर जगे, ही समजूत त्यामुळे सोडावी लागली.

मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात मक्याचे फायटोलिथ आणि पिष्टकण सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीच्या थरांत आढळले. मिरचीचे पिष्टकण अमेरिका खंडातील अनेक स्थळांवर सापडले असून त्यांतील सर्वांत जुने सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. मिरची, मका, बटाटा आणि भुईमूग ही अमेरिकेतील पिके पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात रुळली. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचे मूळ आफ्रिकेत आहे. आज ज्या भाकरीला आणि ठेच्याला आपण अस्सल गावरान म्हणतो, त्यांच्या मागे असा समुद्रापारचा प्रवास आहे. इनामगावच्या शेतकऱ्याच्या ताटात मिरची नव्हती, हे निश्चित सांगता येते. तिखटपणासाठी त्याच्यापाशी काय होते, याचा शोध पाट्या-वरवंट्याच्या खाचांतच घ्यावा लागेल.

प्रयोगशाळेतील कार्य

उत्खननाच्या वेळी चूल, कोठार, अंगण, रांजणाचा तळ अशा निरनिराळ्या ठिकाणांहून थोडीथोडी माती स्वच्छ हत्याराने काढून वेगवेगळ्या पिशव्यांत भरतात. प्रत्येक पिशवीवर जागा, थर आणि खोली यांची नोंद असते. वस्तीबाहेरील मातीचाही नमुना घेतात. तेथेही तेच कण त्याच प्रमाणात सापडले, तर ते स्वयंपाकाचे नसून निसर्गतःच तेथे आले असे समजावे लागते.

प्रयोगशाळेत मातीचे काही ग्रॅम घेऊन त्यांतील चुनखडीचा अंश सौम्य आम्लाने आणि सेंद्रिय अंश रासायनिक क्रियेने किंवा भट्टीत जाळून काढतात. नंतर मातीचे बारीक कण पाण्यात निवळून वेगळे करतात. उरलेला भाग जड द्रवात घालतात. फायटोलिथ साध्या वाळूपेक्षा हलके असल्याने द्रवात वर येतात आणि वाळू खाली बसते. वर आलेले कण काचपट्टीवर घेऊन सुमारे चारशे पटींनी मोठे करून पाहतात. एकेका नमुन्यातील दोनशे ते तीनशे कण मोजून त्यांची वर्गवारी करण्याचा प्रघात आहे. पिष्टकणांना उष्णता सोसत नाही. म्हणून त्यांच्यासाठी भट्टी वर्ज्य करून निराळी, सौम्य पद्धत वापरावी लागते. काम चिकाटीचे आहे आणि एका स्थळाचा अभ्यास पुरा होण्यास वर्षे लागतात.

अनुमानातील सावधगिरी

पुरावा जितका सूक्ष्म, तितकी चुकीची शक्यता मोठी. प्रयोगशाळेतील हातमोज्यांना लावलेली पूड पुष्कळदा मक्याच्या पिठाची असते. उत्खननाच्या जागी जेवणाचा डबा उघडला, तर आजच्या पोळीचे पीठ कालच्या खापरावर बसू शकते. म्हणून नमुने घेताना व तपासताना हवेतील धूळ, पाणी आणि उपकरणे यांचीही वेळोवेळी तपासणी केली जाते. शिजलेले कण विरघळून जातात आणि कच्चे टिकतात, त्यामुळे नित्य शिजविले जाणारे अन्न पुराव्यात कमी दिसण्याचा संभव असतो. अतिशय क्षारयुक्त राखेत फायटोलिथही विरघळतात.

चीनमधील लाजिया येथील उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका उपड्या वाडग्याखाली शेवयांसारखे लांब धागे सापडले. ते राळा व वरीच्या कुळातील धान्यांच्या पिठाचे असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. पुढे इतर संशोधकांनी प्रयोग करून या धान्यांच्या पिठाला तसा चिकटपणा नसतो, असा आक्षेप घेतला आणि वाद निर्माण झाला. शास्त्राची प्रगती अशा फेरतपासणीतूनच होत असते. एखादा कण सापडला म्हणून तो पदार्थ रोज खाल्ला जाई असे सिद्ध होत नाही आणि सापडला नाही म्हणून तो नव्हताच, असेही म्हणता येत नाही. दाणे, हाडे, भांडी, हत्यारे आणि सूक्ष्म कण यांची साक्ष एकमेकींशी जुळली तरच निष्कर्षाला बळ येते.

गावाच्या हाती काय आहे

फेरतपासणी करावयाची तर मूळ माती जागेवर असली पाहिजे. हीच गोष्ट दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. पांढरीची माती धाब्यासाठी आणि शेतात खत म्हणून टोपलीने नेण्याची चाल जुनी आहे. टोपलीने नेलेल्या मातीने टेकाडाला खड्डे पडत. यंत्राने माती काढली, तर संपूर्ण टेकाड काही दिवसांत सपाट होते. त्याबरोबर त्या गावच्या पूर्वजांची चूल, कोठार आणि अंगण यांचा क्रम कायमचा विस्कटतो. खापरे कदाचित मागे उरतात. परंतु कोणते खापर कोणत्या थरातले, हे कळले नाही तर त्यावरील कणांना काळ उरत नाही आणि काळ नसलेली साक्ष अपुरी राहते.

पुराणवस्तूंच्या रक्षणासाठी कायद्याची तरतूद आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांना १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने आणि राज्य संरक्षित स्थळांना १९६० च्या महाराष्ट्र अधिनियमाने संरक्षण दिले आहे. भूमीत सापडलेल्या मौल्यवान निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक केले आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. तथापि नदीकाठची असंख्य टेकाडे कोणत्याही संरक्षित सूचीत नाहीत. त्यांचे रक्षण कायद्यापेक्षा गावाच्या जाणिवेवर अवलंबून आहे.

त्या दृष्टीने पंचायत सदस्य, ग्रामसेवक, तलाठी आणि शिक्षक यांना सहज करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. गावच्या हद्दीत पांढरीचे टेकाड असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी. रस्ता, बंधारा, विहीर किंवा इमारत यांचे काम निघाले, तर भरावासाठी तेथील माती उचलली जाणार नाही, हे ठराव करतानाच पाहावे. खोदकामात रंगीत खापरे, पाटे-वरवंटे, रांजण किंवा हाडे आढळली तर काम थांबवून तहसील कार्यालयाला आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे.

सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, सापडलेली वस्तू धुऊ नये. शाळेच्या कपाटात ठेवण्यासाठी खापर घासून लख्ख करणे, रांजणातील माती ओतून टाकणे, पाटा ब्रशने स्वच्छ करणे, यांमागील हेतू चांगला असतो. परंतु ज्यात साक्ष दडलेली असते ती मातीच अशा वेळी प्रथम जाते. वस्तू जेथे आहे तेथे, जशी आहे तशी राहू द्यावी आणि जाणकारांची वाट पाहावी. ती आधीच बाहेर आली असेल, तर आतील मातीसह कोरड्या कागदात गुंडाळून सापडल्याची जागा व दिनांक लिहून ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना टेकाडावर सहलीस नेताना खापरे वेचण्याऐवजी ती पाहून, जागेवरच ठेवून, त्यांची चित्रे काढण्याची सवय लावावी.

राजांच्या वंशावळी ताम्रपटांत आणि शिलालेखांत सापडतात. जव दळणारी स्त्री, बांध घालणारा शेतकरी आणि अवर्षणात बोरे वेचणारी मुले यांच्यासाठी कोणी शिलालेख कोरला नाही. त्यांची नोंद पाट्याच्या खाचांत, रांजणाच्या तळाशी आणि त्यांच्या स्वतःच्या दातांत राहिली. ती वाचण्याची विद्या आता उपलब्ध झाली आहे. इनामगावचे उत्खनन झाले तेव्हा जे प्रश्न विचारता येत नव्हते, ते आज विचारता येतात. आज जे विचारता येत नाहीत, ते उद्या विचारता येतील. मात्र तोपर्यंत गावाबाहेरची पांढरी जागेवर राहिली पाहिजे.